वनपाल डोमाजी आणि दुसरा हातोडा

"चाचा, हे अक्षर कोनाचं?"

खाकी वर्दीतल्या बाईने सागवानाची एक चकती नूर मोहम्मदच्या काउंटरवर ठेवली. ताज्या कापलेल्या, ताटाएवढ्या चकतीच्या मधोमध एक गोल शिक्का ठोकलेला होता. नूर मोहम्मद तेव्हा आंदणाच्या डब्यावर नवरीचं नाव घालत होता. त्याने हातातलं मशीन बंद केलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि चकतीकडे बराच वेळ बघत राहिला. चष्म्याची खरं तर गरज नव्हती. आपल्या हातचं अक्षर माणूस अंधारात बोट फिरवूनही ओळखतो.

"खात्याचा हातोडा दिसते," तो म्हणाला.

"खात्याचा हातोडा माह्या कपाटात हाये. चाबी माह्या गळ्यात हाये." बाई स्टुलावर बसली. पळसडोह रेंजला नव्याने आलेली ही रेंजर, दिव्यानी मॅडम. "आन तरीबी त्या शिक्क्याचे एकसे चाळीस ओंडके नाक्यावर पकडले आमी."

जंगलखात्याची रीत साधी आहे. सागाचा ओंडका डेपोतून बाहेर काढायचा तर त्याच्या तोंडावर साहेबाच्या हातोड्याचा शिक्का लागतो. हातोड्याच्या डोक्यावर पोलादात उलटी अक्षरं कोरलेली असतात, एक दणका दिला की ती लाकडात सुलटी उमटतात. शिक्का असला की नाक्यावरचा शिपाई आडवा बांबू वर करतो. नसला तर लाकूड चोरीचं. एका साहेबाला एक हातोडा, आणि दुसरा कुणी बनवायचा नाही.

"माह्या हातोड्यातल्या तिसऱ्या अक्षराचा काना तुटला हाये," दिव्यानी मॅडम म्हणाली. "बारा वर्सं झाले. खात्यानं नवा दिला नाई. मी लाकूड पास करते तं तुटकाच काना उठते. या ओंडक्याईवर काना अख्खा हाये. चोरानं सरकारापेक्षा चांगला हातोडा बनवला, चाचा." तिने नूर मोहम्मदकडे पाहिलं. "चंद्रपुरात पोलादात इतकं साफ उलटं अक्षर कापनारा एकच मानूस हाये. माह्या आईच्या सगळ्या भांड्याईवर त्याचंच अक्षर हाये."

नूर मोहम्मदने मान खाली घातली. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर शब्द निघालाही असता, पण चकती समोर होती आणि काना खरोखरच सुरेख उठला होता.

आता नूर मोहम्मद चोर होता म्हणाल तर शप्पथ, नव्हता. रबरी शिक्के आणि भांड्यांवरची नावं यावर त्याचं घर चालत होतं आणि त्याच्या डोक्यात वेगळाच कारखाना चालत होता. शाळा नागभीडला मराठीत झालेली. घरी शहजादीशी हिंदीत भांडायचं आणि वहीत मराठीत लिहायचं, असा त्याचा चाळीस वर्षांचा परिपाठ. वनपाल डोमाजीच्या अकरा विनोदी रहस्यकादंबऱ्या त्याने लिहिल्या, गावातल्याच प्रेसमध्ये छापल्या आणि शिक्क्यांच्या शेजारी दोरीवर लटकवून विकल्या. डोमाजी हा एक अजब प्राणी होता. झाडू बनवायला शिंदीची पानं तोडली म्हणून सासूला पावती फाडणारा. सागाचा भुसा जिभेवर ठेवून तो कोणत्या नाल्याकाठचा हे सांगणारा. शेवग्याची शेंग तोडण्याआधी झाडाला 'माफ कर बा' म्हणणारा. चोर त्याच्याहून अवलिये. कुणी वरातीच्या बँडच्या गाडीत साग नेई, कुणी देवाच्या पालखीत. पण डोमाजी अकराव्या प्रकरणापर्यंत त्यांना हसत हसत पकडायचाच.

आणि हा डोमाजी हवेतून आलेला नव्हता. नागभीडचे वामनराव पळसडोहच्या डेपोत वनपाल होते. तीस वर्षांपूर्वी ते नावाचा शिक्का करायला आले आणि दोन तास बोलत बसले. चोरांच्या युक्त्या ते अशा सांगायचे की ऐकणाऱ्याने दुकान बंद करावं. नूर मोहम्मदने फक्त त्या कागदावर आणल्या. हस्तलिखित पहिल्यांदा वाचायचा मान वामनरावांचा. ते पेन्सिलने समासात खुणा करायचे, 'इथं मचान उजव्या हाताला पाहिजे' असलं काही. शेवगाही त्यांच्याच अंगणातला.

गेल्या पावसाळ्यात वामनराव दुकानात आले ते आनंद घेऊनच. वडशाची एक नाटक कंपनी डोमाजीवर नाटक बसवायला तयार झाली आहे म्हणाले. दिवाळीनंतर धान कापून झालं की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, वावरात मंडप पडतो, पाच-पाच हजार माणूस तिकीट काढून बसतो. तिथे पोस्टरवर 'लेखक: नूर मोहम्मद' असं यावं, हे त्याचं एकुलतं एक स्वप्न होतं आणि ते वामनरावांना पक्कं ठाऊक होतं.

"हातोडा मात्र खरा पायजे," ते म्हणाले होते. "अर्धी पब्लिक जंगलखात्यातली राह्यते. रंगवलेला लाकडाचा हातोडा दाखवशीन तं चपला येतीन." त्यांनी कागदावर उठवलेला छाप पुढे केला. "जसाच्या तसा काप. फरक नको."

नूर मोहम्मदने तीन दिवस पोलाद कापलं. छापातला काना तुटका होता. तिथपर्यंत आल्यावर त्याचा हात थांबला. आयुष्यभर ज्याने लोकांच्या पोरींची नावं पितळेवर बिनचूक घातली, त्याच्याने मुद्दाम तुटकं अक्षर कापवेना. त्याने काना जोडला, आणि वामनरावांना सांगायचीही गरज वाटली नाही. दुरुस्ती करताना कुणी परवानगी मागतं का?

हे सगळं त्याने दिव्यानी मॅडमला सांगितलं, फक्त वामनरावांचं नाव सोडून. "नाटकवाल्याईसाठी एकजन घेऊन गेला," एवढंच म्हणाला. मॅडमने ऐकून घेतलं. मग पिशवीतून एक पुस्तक काढलं, पानं सुटलेलं, दोऱ्याने शिवलेलं. 'वनपाल डोमाजी आणि चालती तिरडी'.

"शाळेत होती तवापासून वाचते मी तुमाले," ती म्हणाली. "खोटं नाई सांगत, डोमाजीपाईच या खात्यात आली. पळसडोहले आल्यावर हौसेनं जुन्या फायली काढल्या. म्हनलं, डोमाजीच्या खऱ्या केसेस पाहाव. बँडची गाडी सापडली, पालखी सापडली, तिरडी बी सापडली. पन चाचा, तुमच्या पुस्तकात चोर पकडते. फायलीत एकबी पकडला नाई. गुन्हेगार अज्ञात, प्रकरण बंद."

"कादंबरीत थोडं इकडचं तिकडं..."

"तिरडीवर जांभळी साडी, पिवळ्या काठाची, खोचा पडलेली. हे तुमी लिवलं हाये, पान चाळीस. फायलीत फोटो हाये, रस्त्यात सोडून देल्लेल्या रिकाम्या तिरडीचा. साडी तीच. तो फोटो खात्याबाहेर गेला नाई आन आत्ताआत्तापर्यंत कोनं उघडला बी नाई." तिचा आवाज चढला नाही. "मचान, रस्ता, बैलाईची जोडी, सगळं बरोबर हाये. असं बरोबर पकडनाऱ्याले मालूम नसते, चाचा. करनाऱ्याले मालूम असते. तुमाले हे कोन सांगत होतं?"

बाहेर सिमेंटचे ट्रक जात होते, त्यांच्या हादऱ्याने दोरीवरची अकरा पुस्तकं हलत होती. नूर मोहम्मद त्यांच्याकडे बघत राहिला.

"सोमवारी पळसडोहले या बयान द्याले," मॅडम उठली. "सांगून ठेवते, हातोडा बनवनाराबी गुन्ह्यात येते. खरं सांगसान तरी तारखा पडतीन. पन खरं सांगा."

शहजादीने रात्रीच्या भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. ती त्याच्या कादंबऱ्या वाचत नसे, पण प्रत्येकीत शेवटी काय होतं ते तिला माहीत होतं. "ग्यारह किताबों में एक चोर को नहीं छोड़ा आपने," ती म्हणाली. "अब यार निकला तो हाथ काँप रहा है?" मग तिने त्याला भाकरी वाढली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडी धरून तो नागभीडला गेला. वामनराव अंगणातच होते, हातात लांब आकडी.

"ये नूर, ये. बारावं झालं काय लिवून?" तीस वर्षं ते हेच विचारून स्वागत करत आले होते. "बस. शेंगा घेऊन जा वहिनीसाठी." त्यांनी आकडी वर नेली, पुटपुटले, "माफ कर बा," आणि शेंग ओढली.

"नाटकाचं काय झालं, वामनभाऊ?"

"कंपनीवाला बिमार पडला ना. औंदा नाई जमत. पुढच्या साली पाहू."

"मंग हातोडा वापस द्या."

वामनरावांनी आकडी भिंतीला टेकवली. धोतराच्या सोग्याने हात पुसले. "रेंजर बाई आली होती तुह्याकडे?"

"आलती. नाटकवाल्याईसाठी एकजन घेऊन गेला, एवढंच सांगतलं मी. तुमचं नाव घेतलं नाई."

"काना काऊन जोडला बे तू?" त्यांचा आवाज एकदम कडवट झाला. "जसाच्या तसा म्हनलो होतो ना मी तुले? सांगतलं होतं ना, फरक नको?"

नूर मोहम्मदला वाटलं होतं की ते नाकबूल जातील, निदान दचकतील. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. हे त्यालाच रागावत होते, एखाद्या कारागिराने काम बिघडवल्यासारखे.

"तुटकं अक्षर माह्यानं कापल्या जात नाई," तो म्हणाला.

"त्याच्यानंच फसलो."

घरातून कमळाबाईंनी चहा आणून ठेवला, 'भाऊ, बरे हाये ना?' विचारलं आणि त्या आत गेल्या. नूर मोहम्मदने त्या जाईपर्यंत वाट पाहिली.

"तिरडीवरची जांभळी साडी. तुमी मले सांगतलं होतं, तिरडी तुमी पकडली. फायलीत तं कोनीच पकडली नाई."

वामनराव हसले. आणि ते हसू नूर मोहम्मदला ओळखीचं होतं. हस्तलिखितातला एखादा डाव आवडला की ते असंच हसायचे. "साडी हिची होती. चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं हिनं, चोरीले गेली म्हनून. सोळा ओंडके गेले बैलगाडीत त्या तिरडीखालून, तीन खेपात. नाक्यावरच्या शिपायानं टोपी काढून हात जोडले होते." ते सांगता सांगता रंगले, नेहमीसारखे. "पन कोनाले सांगतो मी? पोटात रायत नोतं. तुले सांगतलं. तू लिवलं. तुह्या पुस्तकात मी पकडल्या जात होतो तं मले बरं वाटत होतं, खरं सांगतो."

कुंपणानेच शेत खाल्लं, हे एक वेळ माणूस सोसतो, जगात होतं तसं. पण त्याच कुंपणावर आपण अकरा पोवाडे लिहिले हे नूर मोहम्मदच्या घशाखाली उतरेना.

"मंग डोमाजी कोन होता?" त्याने विचारलं.

"कोनीच नाई. असा मानूस खात्यात राह्यते काय? तू बनवला."

"मी तुमाले पाहून बनवला."

वामनरावांनी चहा उचलला. अंगणात कोंबड्या तांदळाची कणी टिपत होत्या.

"हे एकसे चाळीस ओंडके कुठचे?" नूर मोहम्मदने विचारलं, पण उत्तर त्याला यायला लागलं होतं. "मोठ्या नाल्याचे?"

"मोठं लाकूड आता राह्यलं कुठी, नूर? तेवढंच तं होतं."

मोठ्या नाल्याकाठी वामनराव त्याला एकदा घेऊन गेले होते. आकाशापर्यंत गेलेले साग, त्यांच्या ढोलीत धनेशाची घरटी, भर दुपारी तिथे संध्याकाळ. वामनरावांनी एका झाडाला मिठी मारली होती, डोळे भरून आले होते त्यांचे. "दीड कव," असं हळूच म्हणाले होते. नूर मोहम्मदने ते जसंच्या तसं नवव्या पुस्तकात घातलं, झाडावर प्रेम करणारा डोमाजी म्हणून. आता त्याला कळलं की जंगलात कव घालून माणूस झाडाचा घेर मोजतो.

"तवा रडले होते तुमी."

"खरंच रडलो होतो," वामनराव म्हणाले, आणि नूर मोहम्मदचा त्यावर विश्वास बसला, त्यानेच जास्त वाईट वाटलं.

मग ते खुर्ची ओढून जवळ बसले. "आयक. रस्ता हाये. तू म्हनलास ना, नाटकवाला घेऊन गेला? तेच धरून ठेव. एक मानूस सांग. सिरोंच्याकडचा कोनी लालसू म्हन. नाटकाचं सामान जमा करते म्हन. कसा दिसते, कसा बोलते, ते तुह्याइतकं कोन सांगनार हाये? तुले तं तेच येते. एक मानूस बनव, नूर. मी पेन्शनीचा मानूस, या वयात मले आतमधी टाकतीन."

जाताना त्यांनी शेंगांची जुडी त्याच्या पिशवीत कोंबली. त्याने काढून ठेवली नाही, ठेवता आली नाही.

गाडीत खिडकीशी बसल्या बसल्या तो लालसू आपोआप तयार झाला. मूल स्टेशन यायच्या आत त्याला एक पाय काळ्या बुटात आणि एक तपकिरी बुटात मिळाला. हिवाळ्यातही काखेत छत्री. मराठीत तेलुगू मिसळून बोलतो, हातोडा हातात घेताच वजन करून म्हणतो, "लय जड उन्दी." असा माणूस नूर मोहम्मदला गेल्या पाच पुस्तकांत सापडला नव्हता. तो स्वतःशी हसलासुद्धा.

आणि हसता हसता थांबला. पुस्तकातला माणूस पुस्तकात राहतो. बयानातला माणूस शोधायला जीप निघते. खातं शोधायला निघालं की सिरोंच्याकडे त्याला लालसू सापडणारच. एक नाही, दहा सापडतील. त्यातल्या एखाद्याच्या घरी छत्री असेल, एखादा जळाऊ लाकडाची मोळी घेऊन येत असेल, आणि त्याच्या बाजूने बोलायला कुणी कादंबरीकार नसेल. तीस वर्षं वामनराव त्याच्याकडून चोरांना हसत हसत पकडवून घेत होते. आता त्याच्याच हाताने एक निरपराध पकडून मागत होते, आणि तोही मित्र म्हणून. नूर मोहम्मदला इतका राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता. त्याने मूलच्या फलाटावर शेंगांची जुडी एका म्हातारीच्या टोपलीत ठेवली आणि परत येऊन बसला.

सोमवारी तो धुतलेला कुर्ता घालून पळसडोहला गेला. रेंज ऑफिसच्या आवारात पकडलेले ओंडके रचून ठेवले होते, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. एकशे चाळीस वेळा त्याचं अक्षर. तो त्यांच्यासमोरून गेला तेव्हा थांबला नाही.

आत दिव्यानी मॅडम टेबलामागे होती. प्रवीण नावाचा कारकून बयान लिहून घेत होता. नूर मोहम्मदने सुरुवातीपासून सांगितलं: छापाचा कागद, तीन दिवस, काना. मग प्रवीणने विचारलं, हातोडा कुणी नेला.

"वामनराव," तो म्हणाला. "नागभीडचे. तुमच्याच डेपोतून रिटायर झालेले. तिरडी, पालखी, बँडची गाडी, हे बी त्याईचंच. मले त्याईनंच सांगतलं. मी अकरा पुस्तकात लिवलं, आन मले समजलं नाई."

मॅडमने खिडकीबाहेर पाहिलं. तिलाही डोमाजी गेल्याचं दुःख होतं. "लिव प्रवीण, जसं सांगतात तसंच," एवढंच म्हणाली.

प्रवीण लिहीत गेला. वय, धंदा, राहणार कुठचे. मग त्याने पेन थांबवलं. "आरोपीशी नातं?"

"माहे अकराई पुस्तकं त्याईनं छपायच्या आंधी वाचले," नूर मोहम्मद म्हणाला. "माह्या बायकोनं बी वाचलं नाई. त्याईनं वाचलं. पेन्सिलीनं खुना करून द्यायचे."

"हे नातं नाई झालं ना, चाचा." प्रवीण भला मुलगा होता, त्याने कागद वळवून दाखवला. "जागा एवढीशीच हाये. एक शब्द पायजे."

कागदावर खरोखरच बोटभर जागा होती. नूर मोहम्मदने ती पाहिली. अक्षरं किती मावतील याचा अंदाज करायची त्याला सवय होती. 'मित्र' सहज मावला असता.

"ओळखीचे, लिवा," तो म्हणाला.

प्रवीणने लिहिलं. नूर मोहम्मदने बयान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकही शब्द बदलायला सांगितला नाही, आणि खाली सही केली.